सेलच्या आधी महिनाभर

पिठाचा वास बदललाय, हे आधी आईच्या लक्षात आलं. मी म्हणालो, नवीन पाकीट आहे, असेल थोडा वेगळा. ती काही बोलली नाही. चिमूटभर पीठ तळहातावर घेतलं, हुंगलं आणि हात माझ्या नाकापुढे धरला. खवट. तेलाच्या जुन्या बाटलीच्या झाकणाला येतो ना, तसा.

हे उघडलेलं सोडून त्या पिठाची पाच पाकिटं अजून पलंगाखाली होती. प्रत्येक दोन किलोचं. सेलमध्ये एकावर एक मोफत होतं म्हणून मी एकदम दहा पाकिटं उचलली होती आणि घरी येऊन मोठ्या ऐटीत बिल दाखवलं होतं. त्यातली चार संपली, सहा फेकली. रात्री सहज हिशेब मांडला तर पैसे मोजले होते पाच पाकिटांचे आणि पोटात गेलं चारांचं. म्हणजे निम्म्या किमतीत मिळालेलं पीठ मला सव्वापट महाग पडलं. याला आतबट्ट्याचा व्यवहार म्हणतात, आणि तो मी हसत हसत, रांगेत अर्धा तास उभा राहून केला होता.

आईचं म्हणणं एवढंच होतं, "स्वस्त झालं म्हणून भूक वाढते का रे?"

तेव्हा ते झोंबलं. पण पुढच्या सेलची तयारी मी त्याच वाक्यापासून सुरू केली. आपल्या घराची भूक नक्की किती, हे मला ठाऊकच नव्हतं. म्हणून एक काळा मार्कर आणला आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला दोरीने लटकवला. कुठलंही पाकीट, बाटली, ट्यूब उघडली की त्यावर तारीख टाकायची. संपली की ती तारीख वहीत उतरवायची. घरात आम्ही चौघं. पहिले चार दिवस थट्टेत गेले. मुलीने माझ्या चष्म्याच्या डबीवरसुद्धा तारीख टाकली. पण सवय लागली.

महिना-दीड महिन्यात वहीत जे दिसलं ते माझ्या अंदाजाच्या जवळपासही नव्हतं. एक लिटर तेल आठवड्यात संपतं असं मी छातीठोकपणे सांगायचो. ते अकरा दिवस पुरत होतं. टूथपेस्ट महिन्याला एक धरली होती, ती पाच आठवड्यांवर जात होती. मिठाची एक किलोची पिशवी तर संपता संपेना. गंमत म्हणजे जवळजवळ प्रत्येक अंदाज चुकला तो जास्तीच्याच बाजूला. खरेदी करणाऱ्या माणसाला सगळं भराभर संपतंय असं वाटत असावं, कारण त्याच्या लक्षात राहतो तो फक्त डबा रिकामा सापडल्याचा दिवस.

मग जुनी बिलं काढली. ती मी एका डब्यात कोंबून ठेवतो, कशासाठी ते आजवर माहीत नव्हतं. त्यावरून कळलं की साबण, टूथपेस्ट, कपडे धुण्याची पावडर यांच्यावर दर दोन महिन्यांनी काही ना काही सूट येतेच. इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आजवर मी सेलमध्ये वर्षाची बेगमी करायला जात होतो. खरं तर पुढचा सेल लागेपर्यंतची केली की काम झालं. टूथपेस्ट पाच आठवड्यांना एक, सेलमधलं अंतर आठ आठवडे, म्हणजे दोन ट्यूब पुरे. सेल लांबलाच तर म्हणून तिसरी. कपाटात त्या वेळी किती होत्या? अकरा.

तेव्हा हिशेब असा ठरला: दोन सेलमधल्या काळात लागणारा माल, त्यातून घरात शिल्लक असलेला वजा. आणि वर एक अट, जे घेऊ ते खराब व्हायच्या आत संपलं पाहिजे. ही अट लिहायला सोपी, पण खरं घोडं तिथेच पेंड खातं. कारण पाकिटावर छापलेली मुदत न उघडलेल्या पाकिटाची असते. शिवाय सगळ्या तारखांचा अर्थ एक नसतो. "बेस्ट बिफोर" ही चवीची आणि दर्जाची मुदत, ती उलटली म्हणून पदार्थ त्या दिवशी विषारी होत नाही. "यूज बाय" मात्र सुरक्षिततेची, तिच्याशी खेळायचं नाही.

पीठ खवट का झालं तेही या निमित्ताने समजून घेतलं. गव्हाच्या दाण्यातल्या अंकुरात तेल असतं. दाणा अखंड असेपर्यंत ते आत सुरक्षित राहतं. दळलं की हवा लागते आणि ते बिघडायला लागतं. मैद्यातून अंकुर आणि कोंडा काढून टाकलेला असतो म्हणून तो जास्त टिकतो. हेच ब्राऊन राइसचं. पांढऱ्या तांदळावरचा तेलकट थर पॉलिशमध्ये गेलेला असतो, त्यामुळे तो बरीच वर्षं टिकू शकतो. ब्राऊन राइस काही महिन्यांत वास मारू लागतो. अक्रोड, बदाम, जवस, सगळी याच जातीची मंडळी. सेलमध्ये मोह पडतो तो नेमका यांचा, कारण ती एरवी महाग असतात. मी आता अक्रोड घेतो ते फ्रीजरमध्ये मावतील तेवढेच.

मीठ आणि साखर कोरडी राहिली तर खराब होतच नाहीत, दगड झाले तरी फोडून वापरता येतात. अंगाचा साबण तर जुना झाला की वाळून घट्ट होतो आणि उलट जास्त दिवस चालतो. याच्या उलट ब्लीच. ते बाटलीत बसल्या बसल्या फिकं पडत जातं, तेव्हा त्याच्या चार बाटल्या घेऊन ठेवणं म्हणजे शेवटची पाणी म्हणून वापरणं. बेकिंग पावडरही तशीच. चमचाभर गरम पाण्यात टाकून फसफसली नाही तर तिच्या भरवशावर केक करू नये. दळलेले मसाले नासत नाहीत, नुसते मुके होतात. कडधान्यांची तऱ्हा आणखी वेगळी. दिसायला वर्षानुवर्षं जशीच्या तशी, पण उष्ण आणि दमट जागी फार दिवस राहिली की काही केल्या मऊ होत नाहीत. माझ्याकडच्या जुन्या राजम्याने रात्रभर भिजून, कुकरच्या दुप्पट शिट्ट्या खाऊनही दाताखाली कटकन आवाज दिला. त्यात गॅस किती गेला तो हिशेब मांडला नाही.

तांदळाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण तिथे मी स्वतःला फार हुशार समजत होतो. घट्ट झाकणाचा डबा आणला, तळापासून वरपर्यंत नीट भरला. महिन्याभराने डबा उघडला तर आत सोंडे फिरतायत. बाहेरून शिरायला फटच नव्हती, मग आले कुठून? आले आतूनच. सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून ते बुजवते. अळी दाण्याच्या आतच वाढते आणि पुरता किडा झाला की दाणा पोखरून बाहेर पडते. उबदार हवेत या सगळ्याला साधारण महिना लागतो. म्हणजे दुकानातून आणलेल्या स्वच्छ दिसणाऱ्या तांदळातच ती अंडी होती. मी त्यातला एक दाणा बोटाच्या टोकावर घेऊन खिडकीत उजेडाला धरला. एका बाजूला सुईने टोचावं तेवढं गोल भोक आणि आत नुसती पोकळी. आता सेलचा तांदूळ घरी आला की लहान पिशव्यांत भागून किमान चार दिवस उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवतो, मगच डब्यात. याचा अर्थ एका वेळी किती तांदूळ घ्यायचा हे आता दुकानातली सूट ठरवत नाही, माझा फ्रीजर ठरवतो.

सेलच्या दिवशी वही खिशात होती. पाट्या वाचायला लागलो तेव्हा कळलं की प्रत्येक पाटी वेगळी भाषा बोलते. एकावर एक म्हणजे निम्मी किंमत, ते सरळ. दोनावर एक म्हणजे तेहतीस टक्के. "दुसरं अर्ध्या किमतीत" हे ऐकायला भारदस्त, पण दोन मिळून सूट होते 25 टक्के. आणि "25 टक्के जास्त माल" यात किलोमागे सूट पडते ती 20 टक्क्यांचीच. सगळं किलोच्या दराला आणल्याशिवाय तुलना होत नाही. मी मोबाइलवर भागाकार करत उभा होतो आणि मागच्या बाईंची ट्रॉली दोनदा माझ्या टाचेला लागली. पण त्याच भागाकारात सापडलं की कपड्यांच्या पावडरच्या मोठ्या "फॅमिली पॅक"पेक्षा सूट असलेली छोटी पाकिटं किलोमागे स्वस्त आहेत. मोठं म्हणजे स्वस्त, हे मी इतकी वर्षं न तपासता मानत आलो होतो.

तेवढ्यात एक गृहस्थ आले आणि तेलाचे पाच लिटरचे कॅन एकामागून एक ट्रॉलीत टाकू लागले. फळीवर तीन उरले, मग दोन. माझा हात आपोआप पुढे गेला. वहीत स्पष्ट लिहिलं होतं: तेल, एक-एक लिटरची पाच पाकिटं, कारण मोठा कॅन उघडल्यावर आमच्याकडे दोन महिने हवा खात राहतो. हे ठाऊक असून मी कॅन उचलला, चार पावलं चाललो आणि परत आणून ठेवला. तो ठेवताना खरंच काहीतरी गमावल्यासारखं वाटलं. पाकिटं घेताना मात्र हात फळीत खोल घातला. जुन्या तारखेचा माल पुढे आणि नवा मागे लावायची दुकानांची रीत असते.

बिस्किटांच्या बाबतीत वहीच मला खोटं पाडून गेली. एरवी आमच्याकडे आठवड्याला दोन पुडे संपतात. त्या हिशेबाने मी सहा आणले, तीन आठवड्यांचे म्हणून. नऊ दिवसांत फस्त. साबण जास्त आणला म्हणून कोणी दोनदा अंघोळ करत नाही, पण समोर दिसणारं बिस्किट कोणी सोडत नाही. आईचा प्रश्न इथे उलटा पडला आणि मी तिला तसं सांगितलंही. तिने उत्तर दिलं नाही, कारण तिच्या तोंडात बिस्किट होतं.

बायकोचा मुद्दा निराळा आणि रास्त होता. सूट कितीही असो, पैसे आज जातात. मागच्या एका सेलनंतर महिनाअखेरीला कपाट भरलेलं आणि दूध-भाजीला हात आखडता, अशी वेळ आली होती. तेव्हापासून सेलसाठी महिन्याच्या किराण्याच्या पाचव्या भागापेक्षा जास्त काढायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं. पाचवाच का, याला माझ्याकडे उत्तर नाही. तेवढं सोसतं.

या वेळचं बिल बोटभर लांबीचं होतं. ट्रॉली अर्धीही भरली नव्हती. वहीबाहेरची एकच वस्तू आत आली होती: भांडी घासायच्या लिक्विडच्या चार बाटल्या, अर्ध्या किमतीत, आम्ही कधीच न वापरलेल्या प्रकारच्या. टिकणारी वस्तू आहे, रोज लागते, हिशेबात चोख बसते. पहिली बाटली उघडली त्या संध्याकाळी बायको म्हणाली, ताटाला अत्तराचा वास येतोय. दुसऱ्या दिवशी मुलीने पाण्याचा पेला हुंगून परत ठेवला. तिसऱ्या दिवशी सिंकशेजारी जुन्या लिक्विडची बाटली आली, पूर्ण किमतीची. नव्या बाटलीवर मी उघडल्याची तारीख टाकली होती. वहीत तिच्यापुढचा संपल्याचा रकाना अजून कोरा आहे, आणि बाकीच्या तीन सिंकखाली उभ्या आहेत.