हरपले कुठी होते?

"गुरुजी, त्या क्युबाच्या बुढ्यांची फिल्म आपल्या गावात काहून दाखवता जी?" दरसाल कोणीतरी विचारतंच. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

आमचं गाव ब्रह्मपुरीकडचं, झाडीपट्टीतलं. होळीनंतर नाटकांचा हंगाम उतरतो, धानाच्या बांध्या कोरड्या पडतात. तेव्हा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चादर ताणून मी 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब' लावतो. विम वेंडर्सचा १९९९चा माहितीपट. अमेरिकेचा गिटारवादक राय कूडर आणि त्याने ज्यांची गाणी रेकॉर्ड केली ते हवानातले विसरले गेलेले म्हातारे कलावंत. बुटांना पॉलिश करून पोट भरणारा गायक इब्राहिम फेरेर, घरी पियानोच नसलेला पियानोवादक रुबेन गोन्सालेस. मी माईकवर अर्थ सांगत बसतो. अडलं की मनचं घालतो.

पहिल्या वर्षी दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, ढोलकी वाजवलेले एक आजोबा मधातच बोलले, "हे बुढे हरपले कुठी होते जी? आपल्याच गावात तं होते!"

मला उत्तर सुचलं नाही. मग वाचायला लागलो. या म्हाताऱ्यांना गोळा करण्यात मोठा हात हुआन दे मार्कोस गोन्सालेस या क्युबाच्याच संगीतकाराचा होता. पडद्यावर तो जेमतेम दिसतो. आणि १९९६ साली बेत वेगळाच होता: आफ्रिकेतल्या मालीचे वादक हवानात येऊन क्युबावाल्यांसोबत वाजवणार होते. ते पोचलेच नाहीत, म्हणून म्हाताऱ्यांची रेकॉर्ड निघाली. मालीवाल्यांसोबतचा मेळ जमून बाहेर यायला २०१० उजाडलं. क्युबाशी व्यवहाराला अमेरिकेची बंदी, त्यामुळे कूडरला त्याच्याच सरकारने २५ हजार डॉलरचा दंड ठोकला. वेंडर्सने हे सगळं बाजूला ठेवून फक्त गाणं दाखवलं. मला ते खटकतं. तरी फेरेर गायला लागला की मीही माईक खाली ठेवतो, हेही खरं.

आता मध्यंतरात मी ही मागची गोष्ट सांगतो आणि भांडण पेटतं. एकदा एक पोरगा म्हणाला, गाण्याबजावण्यात राजकारण कशाला? त्यावर भजन मंडळाची एक बाई ताडकन उठली, "मंग तुकडोजी महाराजांले बेचाळीसात इंग्रजांनं जेलात काहून टाकलं होतं?" त्या रात्री उरलेली फिल्म कोणी पाहिलीच नाही.

मागच्या वर्षी शहरातून दोघं दंडार रेकॉर्ड करायला आले होते. माईक लागला, चहा झाला. आजोबांनी ढोलकी मांडीवर घेतली, पण थाप काही पडेना.

"आधी सांगा," ते म्हणाले, "नाव कोणाचं लावसान?"