हलव्याला काटा आला तो पाचव्या दिवशी

नाताळच्या सुट्टीत लेकीला घरात कशात गुंतवायचं या विवंचनेत होतो, तेवढ्यात बहिणीचा फोन आला. "दादा, बाळाचं पहिलं बोरन्हाण आहे. दागिने विकतचे नकोत हं. आईला येतो की हलवा!"

आईला येतो म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी यायचा, कोळशाच्या शेगडीवर. आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये शेगडी कुठली? शेवटी गॅस अगदी बारीक ठेवला, त्यावर जाड तवा आणि तव्यावर कल्हई केलेली पितळी परात. आई म्हणाली, "चालेल. पंखा मात्र लावायचा नाही."

पाव किलो साखर, ती बुडेल इतकं पाणी. उकळी आल्यावर चमचाभर दूध घातलं, वर आलेली मळी काढली आणि पाक फडक्यातून गाळला. मी मोबाइलमध्ये बघत बसलो आणि पाक एकतारीच्या पुढे गेला. आईने दोन बोटांत धरून पाहिला. "याचे रव्याचे लाडू वळ." पुन्हा पाणी, पुन्हा उकळी.

परातीत मूठभर पॉलिशचे तीळ आणि थोडा साबुदाणा. त्यावर पाव चमचा पाक टाकायचा आणि बोटांच्या टोकांनी कोरडा होईपर्यंत फिरवत राहायचं. मग पुढचा पाव चमचा. बस, एवढंच. मी उत्साहात अख्खा चमचा ओतला आणि सगळ्याचा एक गोळा झाला. लेकीने तो चिक्की म्हणून खाल्ला, तिची तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी माझी तीन बोटं पोळली. आईची कशी पोळत नाहीत ते तिलाच ठाऊक. गप्पा मारत, माझ्या बायकोला तुरीच्या शेंगांत मीठ किती घालायचं ते सांगत, तिचा हात परातीत फिरतच होता. शेंगा उकडून झाल्या की आम्ही आळीपाळीने दुसऱ्या हाताने सोलून खायचो. तळाशी जमणारी साखरेची भुकटी मधूनमधून चाळून काढायची आणि परत पाकात घालायची, हे काम लेकीकडे.

तिसऱ्या दिवशी आभाळ आलं. दाणे गुळगुळीत, चिकट. मी म्हटलं, सोडून देऊ, रविवार पेठेतून तयार हलवा आणू. आई काही बोलली नाही, परातीवर फडकं झाकून ठेवलं. हलव्याला थंडी लागते, दमट हवेत काटा धरत नाही, हे तिचं म्हणणं मला तोवर बायकांचं शास्त्र वाटायचं.

पाचव्या दिवशी पहाटे सहाला, स्वेटर आणि कानटोपी घालून ओट्याशी उभा राहिलो. बाहेर कडक गारठा. तासाभराने परातीतला आवाज बदलला. आधी तीळ सळसळायचे, आता खुळखुळायला लागले. एक दाणा तळहातावर घेऊन खिडकीशी नेला. टाचणीच्या टोकापेक्षा बारीक, पांढरे, चहूबाजूंनी उभे काटे. मी सगळ्यांना उठवलं. बायको म्हणाली, "इतकं तर लेकीच्या निकालालाही नव्हतं उठवलंस!"

दागिन्यांचं काम त्यामानाने सोपं, पण डोळे फोडणारं. हार, बाजूबंद आणि कंबरपट्टा दोऱ्यात, एकेका दाण्याला गाठ मारून, कारण काटा मोडला तर मेहनत गेली. मुकुट आणि बासरी पुठ्ठ्यावर सोनेरी कागद लावून, फेविकॉलने चिकटवलेली. ती दोन्ही बाळाच्या तोंडापासून लांब ठेवायची, अशी आईची सक्त ताकीद.

संक्रांतीनंतरच्या रविवारी काळ्या झबल्यात भाचा पाटावर बसला. मुकुट त्याने तिसऱ्या मिनिटाला भिरकावला. फोटो निघेपर्यंत हार टिकला. डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, बत्तासे ओतले आणि बिल्डिंगमधली पोरं सतरंजीवर तुटून पडली.

संध्याकाळी आवरताना आईने कंबरपट्टा मोजला. सात दाणे कमी. लेक विचारण्याआधीच म्हणाली, "चिमण्यांनी खाल्ले असतील." तिच्या ओठाला पांढरी भुकटी होती. मी काही बोललो नाही, त्यातले दोन माझे होते.