‘मलाही ठाऊक नाही’ म्हणणारा गुप्तहेर

‘द थिन मॅन’ हा 1934 सालचा अमेरिकन रहस्यपट मी आजवर चार वेळा पाहिला आहे, आणि तरीही त्यातल्या खुनाचा उलगडा नेमका कसा होतो हे कुणी अचानक विचारले, तर मला ते सलग सांगता येणार नाही. खुनी कोण हे पक्के लक्षात राहते, पण त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट दर वेळी हातातून निसटते. एरवी एखाद्या रहस्यपटाबद्दल मी हे तक्रारीच्या सुरात लिहिले असते.

न्यूयॉर्कमधला वायनंट नावाचा एक संशोधक नाताळाच्या सुमारास बेपत्ता होतो, त्याच्या माजी सेक्रेटरीचा खून होतो आणि संशय साहजिकच त्याच्यावर येतो. निक चार्ल्स हा हेरगिरी सोडून श्रीमंत बायकोच्या मालमत्तेची देखभाल करणारा गृहस्थ सुटीसाठी सॅन फ्रान्सिस्कोहून तिथे आलेला असतो आणि त्याला या भानगडीत अजिबात पडायचे नसते. पडावे असे वाटते ते त्याच्या बायकोला, नोराला. शीर्षकातला हडकुळा माणूस म्हणजे खरे तर हा वायनंट. पण प्रेक्षकांनी ते नाव निकलाच चिकटवले आणि स्टुडिओनेही पुढे 1947 पर्यंत आणखी पाच चित्रपट त्याच नावाच्या आधाराने काढले.

एमजीएम ही झगमगाटासाठी प्रसिद्ध असलेली कंपनी, पण या चित्रपटावर तिने सुमारे सव्वादोन लाख डॉलरच खर्च केले आणि चित्रीकरण दोन-तीन आठवड्यांत उरकले. पहिल्याच टेकवर समाधान मानण्याच्या सवयीमुळे दिग्दर्शक डब्ल्यू. एस. व्हॅन डाइक यांना ‘वन-टेक वुडी’ असे टोपणनावच पडले होते. नोराच्या भूमिकेसाठी मर्ना लॉय यांचे नाव स्टुडिओप्रमुख लुई मेयर यांना पटत नव्हते, कारण तोवर त्यांच्या वाट्याला बहुतेक गूढ, परदेशी मोहिनींच्याच भूमिका आल्या होत्या; तेव्हा त्यांना लवकर मोकळे करू, या बोलीवर व्हॅन डाइक यांनी परवानगी मिळवली. त्याच वर्षी त्यांनी लॉय आणि निकची भूमिका करणारे विल्यम पॉवेल यांना ‘मॅनहॅटन मेलोड्रामा’ या चित्रपटातही घेतले होते. (कुख्यात दरोडेखोर जॉन डिलिंजर शिकागोत केंद्रीय तपास अधिकाऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडला, तो हाच ‘मॅनहॅटन मेलोड्रामा’ पाहून थिएटरबाहेर पडताना.)

या घाईचा चित्रपटाला फायदाच झाला, असे माझे मत आहे. निकची ओळख होते तो बारमधला प्रसंग पाहा. कोणते कॉकटेल कोणत्या नाचाच्या ठेक्यावर हलवायचे, याचे धडे तो बारवाल्यांना देत असतो, आणि ड्राय मार्टिनी मात्र नेहमी वॉल्ट्झच्याच लयीत हलवायची, हे अशा गांभीर्याने सांगतो की जणू एखादे बुवा शिष्याला विलंबित लयीचे मर्म समजावत आहेत. पॉवेल यांना प्रकाश आणि ध्वनी तपासण्यापुरते नुसते चालून दाखवायला सांगितले होते, त्यांनी त्यात आपल्या पदरचे थोडे घातले आणि तेवढ्यात व्हॅन डाइक यांनी ‘झाले, हेच ठेवा’ म्हणून तो टेक पक्का केला, अशी आठवण सांगितली जाते. पाठोपाठ हात खरेदीच्या पुड्यांनी भरलेली नोरा कुत्र्याच्या ओढीने आत येते ती थेट तोंडावर आपटते. नवऱ्याचे सहा पेले झाले आहेत हे कळल्यावर ती रागावत नाही. बरोबरी साधण्यासाठी उरलेले पाच एकदम मागवते आणि समोर ओळीने मांडायला लावते. अमेरिकेतली दारूबंदी उठून तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते, हे लक्षात ठेवले की या दृश्यातला उत्साह कळतो. तरीही संपूर्ण चित्रपटात ही जोडी इतकी पिते की आज पाहताना आपल्यालाच डोके धरावेसे वाटते.

पटकथा अल्बर्ट हॅकेट आणि फ्रान्सिस गुडरिच या दांपत्याने लिहिली होती. चित्रपट ज्यावर बेतला आहे त्या डॅशिएल हॅमेट यांच्या कादंबरीतल्या गुंत्यापेक्षा नवरा-बायकोच्या बोलण्याकडे अधिक लक्ष द्या, अशी दिग्दर्शकाची त्यांना सूचना होती, आणि ती पाळल्याच्या खुणा जागोजागी दिसतात. नाताळाच्या सकाळी निक सोफ्यावर पडल्या पडल्या भेट मिळालेल्या हवेच्या बंदुकीने झाडावरचे फुगे फोडत असतो आणि नोरा जवळच नवाकोरा फरचा कोट घालून बसलेली असते. उकडत नाही का, असे विचारल्यावर जीव गुदमरतो आहे, पण कोट किती सुंदर आहे, असे ती सांगते. या प्रसंगाने कथानक तसूभरही पुढे सरकत नाही. मात्र ही दोघे एकमेकांच्या सहवासात मनापासून रमतात, हे तो अशा रीतीने दाखवतो की नंतरचे सगळे धोके आपल्याला खरे वाटू लागतात. बंदूकधारी घरात शिरल्यावर निक नोराला वाचवण्यासाठी ठोसा मारून बाजूला पाडतो, तो क्षण आज खटकतो. तिची तक्रार मात्र एवढीच असते की त्यामुळे त्याचा पराक्रम पाहायचा राहून गेला.

शेवटी निक सगळ्या संशयितांना जेवायला बोलावतो. या दृश्यात पॉवेल यांना लांबलचक संवाद होते, टेकमागून टेक होत गेले आणि तेच ते कालवांचे ताट दिव्यांच्या उष्णतेत पुन्हा पुन्हा पुढे येत राहिले. त्यामुळे पाहुण्यांच्या चेहऱ्यावरची अस्वस्थता सगळीच अभिनयाची नसावी. निक ठामपणे एकेक दुवा जोडत जातो, तेव्हा शेजारी बसलेली नोरा हळूच विचारते की हे खरे आहे का. आपल्याला ठाऊक नाही, असे तो सांगतो. मग बोलतोस कशाला, या प्रश्नावर त्याचे उत्तर असते की तसे मानल्याशिवाय कशाचाच मेळ बसत नाही. सर्वज्ञ गुप्तहेरांच्या सगळ्या परंपरेची टोपी इथे दोन कुजबुजींत उडवली आहे, आणि गंमत म्हणजे त्याने ताण कमी होत नाही, उलट वाढतो, कारण हा माणूस अंदाजाने खडा टाकतो आहे हे टेबलावर फक्त नोराला आणि आपल्याला कळलेले असते. वाट माझ्या लक्षात का राहत नाही, त्याचेही कारण कदाचित हेच असेल.

ऑस्करसाठी या चित्रपटाला चार नामांकने मिळाली आणि चारही पुरस्कार ‘इट हॅपन्ड वन नाइट’ या दुसऱ्या विनोदी चित्रपटाने नेले. खुनी कोण ते मी अर्थातच सांगणार नाही. शेवटचे दृश्य मात्र सांगायला हरकत नाही: रेल्वेच्या डब्यात नोरा कुत्र्याला आपल्याजवळ झोपवायचे म्हणते, निक त्याला उचलून वरच्या बर्थवर टाकतो, आणि तो कुत्रा तिथून एकदा खाली पाहून पंजाने डोळे झाकून घेतो.