लोकसुनावणीत आज्जींनी दाखवलेलं पाणी

मी ईआयए करणाऱ्या एका कन्सल्टन्सीत काम करते. ईआयए म्हणजे पर्यावरण आघात मूल्यांकन, हायवे, धरण, पॉवर प्लांट असलं काही यायचं असेल तर ते यायच्या आधी तिथल्या हवेचं, पाण्याचं, मातीचं, झाडापाखरांचं आणि माणसांचं काय होणार ते शोधून लिहायचं आणि मग सरकारने परवानगी द्यायची की नाही ते ठरवायचं. माझ्याकडे झाडं-प्राणी आणि गावांची माहिती असे दोन चॅप्टर असतात त्यामुळे फिरणं भरपूर. माहेर सोलापूरचं असल्यामुळे या जिल्ह्यातलं काम आलं की मी मागून घेते.

हे काम एका नव्या हायवेचं होतं, नाव मुद्दाम सांगत नाही. जुना रस्ता रुंद करणं वेगळं आणि शेतं-माळं कापत सरळ नवीन लाईन टाकणं वेगळं, हा दुसऱ्या प्रकारचा होता. नवा राष्ट्रीय महामार्ग म्हणजे कॅटेगरी ए, फाईल दिल्लीच्या तज्ज्ञ समितीकडे जाणार, आणि त्याआधी जिल्ह्यात लोकसुनावणी घ्यावीच लागते. हे सगळं ईआयएच्या १४ सप्टेंबर २००६ च्या नोटिफिकेशनमध्ये आहे, त्याच्या आधी १९९४ चं होतं आणि त्याच्याही आधी कायद्याने बंधन असं काहीच नव्हतं. आपलं उजनी धरण १९८० ला पूर्ण झालं, म्हणजे कुठल्याही सुनावणीशिवाय. पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसं अजून आहेत, दुष्काळात पाणी खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक बघायला जातात, पण गाव उठायच्या आधी तिथल्या लोकांना कुणी रीतसर बसवून विचारलं होतं का तर नाही. मला म्हणून या सुनावणीबद्दल फार वाटतं. ऑफिसात बरेच जण तिला फॉर्मॅलिटी म्हणतात, मला ते पटत नाही आणि त्या दिवसानंतर तर अजिबातच नाही.

आधी थोडं कामाचं सांगते म्हणजे पुढचं कळेल. बेसलाईन डेटा म्हणजे प्रकल्प यायच्या आधीची परिस्थिती, ती साधारण एका सीझनची घेतात आणि तो सीझन पावसाळा सोडून. हवा मोजायची तर ते बरोबरच आहे, पावसात धूळ बसलेली असते, आकडे कमी येतात. पण सोलापूरसारख्या ठिकाणी पाण्याचं गणित याने हुकतं. इथे वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला सगळ्यात जास्त सप्टेंबरमध्ये, आणि परतीचा पाऊस कधी येतच नाही तर कधी एका रात्रीत सगळं धुऊन नेतो. १४ ऑक्टोबर २०२० ला बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा पट्टा डोक्यावरून गेला तेव्हा काय झालं ते जिल्ह्यात कुणालाच विसरता येणार नाही. आता तुम्ही जानेवारी ते मार्च माळावर फिरलात तर तुम्हाला मुरूम, कुसळी गवत आणि वारा याशिवाय काही दिसणार नाही, ओढे सोडाच ओलसुद्धा दिसत नाही. मग ओढे कुठून घ्यायचे, तर टोपोशीटवरून. सर्व्हे ऑफ इंडियाचं ते ५०,००० च्या स्केलचं टोपोशीट, त्यात दोन कंटूरमध्ये, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषांमध्ये, उंचीचं वीस मीटरचं अंतर, म्हणजे माळावरचा पाच-सहा मीटरचा खोलगट उतार त्यात येतच नाही. निळी रेघ असेल तिथे मोरी, नसेल तिथे भराव, असं डिझाईन निघतं.

आणि माळरान म्हटलं की सरकारी कागदावर पडीक. याचा मला कायम राग येतो. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ ला झालं तेव्हा ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, नंतर कमी करत १,२२२ वर आणलं, आणि माळढोक आता इथे दिसणं म्हणजे बातमी. पण लांडगा आहे, काळवीट आहे, खोकड आहे, थंडीत भोवत्या हे शिकारी पक्षी येतात आणि संध्याकाळी गवतात एकत्र उतरतात, ते एकदा बघितलं की पडीक हा शब्द तोंडात येत नाही. ईआयएच्या नावाखाली काय काय होतं तेही माहितीय, आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साईट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालाचा मजकूर सापडला होता. त्यामुळे मी माझे चॅप्टर स्वतः फिरून लिहिते, मेंढपाळांना विचारून लिहिते. लांडग्याच्या बिळांची जागा मला त्यांनीच दाखवली होती, पाण्याचा विषय मात्र तेव्हा निघाला नव्हता, तो चॅप्टर डिझाईनवाल्यांच्या डेटावरून दुसरी टीम करत होती.

तर सुनावणी दक्षिण सोलापूरच्या एका गावात, मंगल कार्यालयात. नियमाप्रमाणे तीस दिवस आधी पेपरात नोटीस, मराठी सारांश ग्रामपंचायतीत, झेडपीत, कलेक्टर ऑफिसात ठेवलेला. समोर अध्यक्ष म्हणून अपर जिल्हाधिकारी, शेजारी प्रदूषण मंडळाचे अधिकारी, एका बाजूला आम्ही आणि रस्तेवाले, कोपऱ्यात व्हिडिओवाला. कोरमची अट नसते, दहा माणसं आली तरी सुनावणी होते, पण इथे हॉल भरला होता आणि बाहेर मंडपात पण लोक उभे होते.

पहिला दीड-दोन तास सगळा मोबदल्याचाच विषय. ते साहजिकच आहे, जमीन जाणार म्हटल्यावर माणूस आधी तेच विचारणार. कुणाची विहीर मधोमध येतेय, कुणाच्या लिंबाच्या बागेचे दोन तुकडे होतायत, एकाचं घर या बाजूला आणि गोठा त्या बाजूला. काही जण कन्नडमध्ये बोलले, तिकडे घराघरात कन्नडच आहे, तर गावातले एक गुरुजी उभे राहून लगेच मराठीत सांगत होते आणि अध्यक्षांनी ते सगळं लिहून घ्यायला लावलं.

मग मागून एक आज्जी पुढे आल्या. धनगराच्या, सत्तरीच्या पुढच्या असतील, हातात काठी, बरोबर नातू. माईक नकोच म्हणाल्या. अध्यक्षांनी बसून बोला म्हटलं तर म्हणाल्या, "उभीच बरी. सायब, तुमी भराव कुटनं टाकनार ते ह्या पोरानं मला मोबाइलवर दावलं. पीर हाय न्हवं, त्याच्या खालच्या अंगाला लिंबापातूर तुमी आडवी भित्ताडच घालताय. तितनं पानी येतंय. दर सालाला न्हाई येत, पर हस्ताचा पाऊस लागला की समद्या माळाचं पानी तितनंच उतरतंय. आमची वस्ती वरल्या अंगाला हाय. त्यानं जायाचं कुटं?"

रस्त्याच्या टीममधले एक इंजिनिअर उठून सांगायला लागले की आज्जी, तिथे नकाशावर ओढा नाही, जिथे जिथे ओढा आहे तिथे मोरी दिलेली आहे. त्यांच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, समोरच्या कागदावर जे होतं ते त्यांनी सांगितलं. आज्जी म्हणाल्या, "आरं लेकरा, नकाशा तू उनाळ्यात काडलाईस." हॉलमध्ये कुणी हसलं नाही, उलट मागून दोन-तीन जण उठले की आज्जी खरं बोलतायत, २०२० ला तिथनंच पाणी आलं होतं, एकाची शेळ्यांची जाळी वाहून गेली होती.

शेवटी नियमाप्रमाणे झालेल्या चर्चेचा गोषवारा मराठीत वाचून दाखवतात. हा भाग येईपर्यंत निम्मे लोक निघून गेलेले असतात, जेवायची वेळ झालेली असते, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, कारण दिल्लीला जातं ते हेच आणि सोबत व्हिडिओ. आज्जी थांबल्या होत्या, पुढच्या रांगेत खाली बसून ऐकत होत्या. त्यांचा मुद्दा आला तो एका ओळीत, पाण्याच्या निचऱ्याची योग्य सोय करावी अशी ग्रामस्थांनी मागणी केली. आज्जींनी काठी वर केली. "कुटं ते न्हाई लिवलं. पिराच्या खालनं लिंबापातूर. आन वस्तीचं नाव न्हाई घेतलं." मी लगेच उठून माझ्या वहीतला गट नंबर आणि चेनेज, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून ती जागा किती अंतरावर ते, सांगितला, नातवाने वस्तीचं नाव सांगितलं, अध्यक्ष म्हणाले हे सगळं घाला, आणि आज्जींचं नाव घालून पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं. मग आज्जींनी अंगठा दिला. निचऱ्याची सोय करावी असली ओळ तर प्रत्येक रस्त्याच्या अहवालात असते, तिला उत्तरही ठरलेलं असतं, "योग्य ती काळजी घेतली जाईल". पण गट नंबर आणि चेनेजसकट ओळ असली की तिला तसं उत्तर देताच येत नाही, जागेवर जावंच लागतं.

आम्ही त्याच दुपारी गेलो. इंजिनिअर पण आले, त्याचं मला बरं वाटलं. पिराचं थडगं उंचवट्यावर आहे, तिथून बघितलं तर खाली सगळं सपाट, मलाही ते सपाटच वाटत होतं. आज्जी पुढे चालत गेल्या आणि एका बाभळीपाशी थांबल्या. खोडाच्या वरच्या अंगाला कडब्याच्या काड्या, वाळकं गवत, प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा आणि एक मेंढीच्या लोकरीचा पुंजका असं सगळं गच्च गुंडाळून अडकलेलं, जमिनीपासून माझ्या कमरेच्या वर. खालच्या अंगाला काहीच नाही. पुढच्या बाभळीला पण तसंच, त्याच उंचीवर, त्याच बाजूला. मग दगडी ताल, म्हणजे रचलेला बांध, दाखवली, मधोमध फुटलेली, दगड खालच्या बाजूला लांबवर पसरलेले, आणि फुटक्या जागेत बारीक गाळाचा थर, वाळून पापुद्रे सुटलेला. मुरमाच्या माळावर एवढा बारीक गाळ जागच्या जागी होत नाही, तो वरून वाहून आलेलाच असतो. इंजिनिअर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी लेव्हल, म्हणजे जमिनीचा उंच-सखलपणा मोजायचं यंत्र, मागवली. उतार निघाला. रुंद, उथळ, डोळ्याला न दिसणारा, पण वरच्या सगळ्या माळाचं पाणी घेऊन येणारा. तिथे तीन मीटर भराव टाकला असता तर पाणी वस्तीत तुंबलं असतं नाहीतर भराव फोडून गेलं असतं.

नंतर ऑफिसात वाद झाला. अलाइनमेंट म्हणजे रस्त्याची आखणी फायनल आहे, खर्च वाढेल, एका बाईच्या सांगण्यावरून मोऱ्या वाढवायच्या का वगैरे. मी फोटो, लेव्हलचे आकडे आणि गोषवाऱ्यातली ओळ समोर ठेवली. सुनावणीत आलेल्या प्रत्येक मुद्द्याला अंतिम अहवालात उत्तर द्यावं लागतं, हे नोटिफिकेशनमध्येच आहे, आणि समितीतला एखादा सदस्य बरोबर त्याच ओळीवर बोट ठेवतो. शेवटी त्या पट्ट्यात बॉक्स मोऱ्या घ्यायचं ठरलं.

मग मी आणखी एक गोष्ट लावून धरली. मोरी होतेच आहे तर ती अशी करा की मेंढरं खालून जातील, कारण त्यांची चरायची वाट तीच आहे आणि हायवेवर कुंपण आलं की कळपाला लांबचा वळसा पडणार. किती उंच पाहिजे म्हणून विचारलं गेलं. मेंढरांना काय, कमी उंची पण चालते. पण कळपाबरोबर घोडं असतं आणि घोड्यावर बिऱ्हाड असतं. म्हणून मी पुन्हा वस्तीवर गेले आणि नातवाने घोडं लादून उभं केलं, खाली पोती, त्यावर वाकळा, भांडी, वर उलटी बाज, बाजेच्या पायांमध्ये जाळीत दोन कोकरं आणि एक कोंबडी. मी टेप धरला. आज्जी म्हणाल्या, "वरनं हातभर जास्ती धर, घोडं मान टाकतं आन उचलतं." तेवढं जास्त धरून मी आकडा पाठवला आणि तो ड्रॉइंगमध्ये आला, शेजारी कारणासकट.

समितीच्या मीटिंगमध्ये त्या पट्ट्यावर प्रश्न आलाच. मंजुरीच्या पत्रात अट आली की त्या भागाचा पावसाळ्यातला अभ्यास करूनच मोऱ्यांची संख्या आणि रुंदी पक्की करायची. आता अटी पाळल्या की नाही याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो आणि तो लोकांना बघायला खुला असतो. त्या पट्ट्यातलं काम अजून सुरू झालेलं नाही. मंजुरीचं पत्र मी आज्जींच्या नातवाच्या मोबाईलवर पाठवून ठेवलंय, कुठली अट कुठल्या पानावर आहे ते फोनवर सांगितलं, आणि चेनेजचा दगड तिथे लागला की फोटो काढून पाठव म्हणाले. त्याने विचारलं, आज्जी विचारतीय, मोऱ्या आधी की भराव आधी? मी म्हटलं मोऱ्या आधी, आणि भराव आधी पडताना दिसला तर त्याच दिवशी फोन कर.