पहिल्या जागेचा व्हॉल्व्ह

जळगावात मे महिन्याच्या दुपारी गिटारचा शंभर वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा ध्वनिवर्धक, सुरू करणे हा तसाही वेडेपणाच. पण गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारे बटण, सातच्या पुढे नेला की तारेला हात न लावताही तो शिट्टी मारू लागला, तेव्हा मला ऊन उतरेपर्यंत धीर धरवला नाही. बहुतेक मित्रांनी सगळेच व्हॉल्व्ह बदलण्याचा सल्ला दिला. चार ईएल३४ (शेवटी स्पीकरला ताकद देणारे मोठे व्हॉल्व्ह) आणि पाच १२एएक्स७ (त्याआधी सिग्नल वाढवणारे छोटे) यांच्या किमतीची बेरीज केल्यावर मी भुसावळच्या एका काकांना गाठले, ज्यांचे उभे आयुष्य व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यात गेले आहे. त्यांनी अ‍ॅम्प चालू ठेवून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेका छोट्या व्हॉल्व्हला हलकेच टोकले. चार व्हॉल्व्हचा स्पीकरमधून नुसता बोथट टकटकाट आला. पहिला मात्र पितळी पातेल्यासारखा घणघणला.

"एवढाच बदल, बाकीच्यांना हात लावू नकोस," काका म्हणाले.

हाय-गेन अ‍ॅम्पमध्ये गिटारचा सिग्नल एकामागून एक तीन-चार टप्प्यांत वाढवला जातो. त्यामुळे पहिल्या व्हॉल्व्हच्या आतील भाग जरासे जरी थरथरले, तरी ती थरथर पुढचे सगळे टप्पे मोठी करत नेतात. म्हणून या जागेसाठी नाव पाहण्यापेक्षा, खुरखुर आणि थरथर तपासून निवडलेला नग मागावा. १२एएक्स७चा वर्धनांक, म्हणजे सिग्नल वाढवण्याच्या क्षमतेचा आकडा, १०० असतो, तर त्याच सॉकेटात बसणाऱ्या ५७५१चा सुमारे ७०. मी ५७५१ बसवला. गेन थोडा उतरला खरा, पण तळहाताने दाबून वाजवलेल्या जाड तारा आता चिखल न होता सुट्या ऐकू येतात, आणि मला हा सौदा फायद्याचा वाटतो.

ईएल३४ बदलायची वेळ येईल, तेव्हा जुळवलेले चार नग एकदम घ्यावे लागतील आणि बायस, म्हणजे सिग्नल नसतानाही व्हॉल्व्हमधून वाहणारा प्रवाह, नव्याने लावावा लागेल: ईएल३४च्या प्लेटला (आतल्या धातूच्या पत्र्याला) सोसणाऱ्या २५ वॅटच्या ७० टक्के म्हणजे १७.५ वॅट, प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर प्रत्येकी सुमारे ३९ मिलिअँपिअर. आमच्याकडे रात्री विजेचा दाब चढतो, म्हणून ते मोजमाप मी रात्रीच करीन, आणि तेही काकांच्या देखत, कारण अ‍ॅम्प बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो.

घणघणणारा व्हॉल्व्ह मी फेकला नाही. फेज इन्व्हर्टरच्या, म्हणजे सिग्नलच्या एकमेकांच्या उलट अशा दोन प्रती करून ईएल३४ना देणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हच्या जागी, जिथे पुढे वाढवणारे टप्पे फारसे उरत नाहीत, तो सध्या निमूटपणे काम करतो आहे, आणि तिथला व्हॉल्व्ह अडीअडचणीसाठी डब्यात ठेवला आहे.