एवढ्या ग्रहांत एक वावर

नो मॅन्स स्काय या अंतराळात फिरायच्या व्हिडिओ गेममध्ये ग्रह किती, तर १८ वर १८ शून्यं लावून जेवढे होतात तेवढे. नुसता आकडा वाचून काही कळत नाही, म्हणून मी बसून हिशेब केला, सेकंदाला एक ग्रह पाहिला, न जेवता न झोपता, तरी सगळे व्हायला ५७ हजार कोटी वर्षांच्या वर लागतात, आणि आपलं खरं विश्व आहे साधारण १,३८० कोटी वर्षांचं. बरं एवढं सगळं ठेवलं कुठं, तर कुठंच नाही. एक गणिती सूत्र आहे, तुम्ही जवळ गेले की ते त्या जागेच्या आकड्यावरून डोंगर, झाडं, ढोरं तिथल्या तिथं उभी करतं, पाठ फिरवली की मोकळं. परत या, तोच डोंगर, कारण आकडा तोच. इंग्लंडातल्या हॅलो गेम्सवाल्यांनी २०१६ मध्ये हे काढलं तेव्हा सांगितलेलं बरंच काही त्यात नव्हतं म्हणून लोकांनी लय शिव्या घातल्या, मग फुकट अपडेट देऊन देऊन त्यांनी तो सुधारला. मला सुधारलेलाच भेटला.

सुरवातीला तुटकं यान, अंगावर एक सूट, आणि तो सूट सारखा ओरडून राहतो, हे संपलं ते संपलं. लाल झाडातून ऑक्सिजन घ्या, पिवळ्या फुलातून सोडियम घ्या, ते सोडियम सूटात भरलं की ऊन थोडा वेळ बाधत नाही. गरम ग्रहावर वादळ सुटलं की पारा कधी शंभराच्या वर जातो, मग गुहेत शिरा, नाही तं जमीन खोदून खड्ड्यात बसा. आता हे आम्हा चंद्रपूरवाल्यांना काय शिकवता बाप्पा! मे महिन्यात ४५-४६ झालं की डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, आणि दुपारी घराबाहेर पाय नाही. सूटात कांदा ठेवायची सोय नाही तेवढी.

आभाळातून पडलेली यानं पण भेटतात, दुरुस्त केली की आपलीच. आमच्या जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला २ एप्रिल २०२२ च्या रात्री खरंच आभाळातून धातूची भली मोठी रिंग पडली होती, चिनी रॉकेटचा तुकडा असावा म्हणे, ती पोलिसांनी ताब्यात घेतली. गेममध्ये पोलीस नाहीत, पण लय खोदकाम केलं की उडते ड्रोन येतात आणि गोळ्याच घालतात.

तर मी काय केलं, एका तापल्या ग्रहावर घर बांधलं आणि सोलॅनियम लावलं. हे पीक तापल्या मातीतच येतं, उघड्यावर. आणि खरी मजा पुढंच आहे, एकदा लावलं की परत लावायचं कामच नाही, तोडून घ्या, थोड्या वेळानं झाड पुन्हा तयार. निंदण नाही, फवारा नाही, रानडुक्कर नाही, रात्री मोटर चालू करायला टॉर्च घेऊन जाणं नाही. कोण्या शेतकऱ्याला विचारून बनवलं असतं तर असंच बनवलं असतं. फक्त भावाचं त्यांनी बरोबर धरलं. सगळा माल एकाच अंतराळ स्टेशनवर विकायला टाकला की भाव धपकन खाली येतो, मग थांबा, नाही तं यान घेऊन दुसऱ्या बाजारात जा. मला या शेतीतच जास्त गोडी लागली. नवा ग्रह, नवं जनावर, त्याला आपलं नाव द्या, हे चार दिवस बरं वाटतं.

मायला ते पटत नाही. परवा मागून पाहत होती, म्हणे, "कायले खंदून राहिला रे तिथं? घरच्या वावरात कधी एवढा राबला का तू?" आता काय सांगणार. पुतण्याचं वेगळंच, त्याला रोज नवा तारा पाहिजे, आणि माझा वावराचा धंदा पाहून त्याचा जीव वरखाली होतो.

"काका, एवढे ग्रह हाय अन् तुम्ही इथंच काहून बसले? चला ना समोर, यानात इंधन फुल हाय."

म्हटलं चलतो ना बाबू, एवढा तोडा होऊन जाऊ दे.