वाद्य-आयातीचा तक्ता, चौथी फेरी: भाड्याचा रकाना वर का गेला

परदेशातून मागवलेलं वाद्य घरपोच कितीला पडेल हे काढायच्या या तक्त्याची मांडणीच या फेरीत बदलली आहे. आतापर्यंत पहिला रकाना ड्युटीच्या (आयात शुल्काच्या) दराचा होता, आता तिथे खोक्याचं माप आणि भाडं आलं. ड्युटीचा दर तिसऱ्या जागी गेला. बहुतेक चौकशा 'गिटारवर ड्युटी किती टक्के?' इथून सुरू होतात आणि तिथेच संपतात. घरपोच किंमत मात्र दुसरीकडेच फुगते.

नमुना हिशेब तसाच ठेवला आहे. चलन कुठलंही धरा. वाद्य १०००, भाडं १८०, विमा २०. ड्युटी ५ टक्के, आयातीवरचा कर (व्हॅट, जीएसटी, जे काही नाव असेल ते) २० टक्के, कुरियरचं किमान शुल्क १५.

सीआयएफ मूल्य, म्हणजे वाद्य अधिक भाडं अधिक विमा: १२००
ड्युटी: ६०
कर, ड्युटी धरून झालेल्या १२६० वर: २५२
कुरियरचं शुल्क: १५
एकूण: १५२७

आता एकेक आकडा हलवून बघा. ड्युटी ५ वरून ८ टक्के केली, तर एकूण १५७०.२० होतं, म्हणजे ४३.२० ची वाढ. ड्युटी ५ टक्केच ठेवून भाडं १८० वरून २७० केलं, तर एकूण १६४०.४० होतं, म्हणजे ११३.४० ची वाढ. भाड्याच्या प्रत्येक एककावर ड्युटी चढते आणि त्या दोघांवर मिळून कर चढतो, म्हणून एक एकक भाडं प्रत्यक्षात १.२६ ला पडतं. दरपत्रकातले तीन टक्के आपल्या हातात नसतात, खोकं बरंचसं असतं.

हे गणित सगळीकडे तंतोतंत असंच नाही. युरोपीय संघ आणि जपान ड्युटी सीआयएफ मूल्यावर लावतात. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया एफओबी धर्तीवर, म्हणजे आंतरराष्ट्रीय भाडं आणि विमा वगळून. पण ऑस्ट्रेलियात जीएसटीचा हिशेब करताना भाडं आणि विमा पुन्हा मिळवतात. वरच्याच आकड्यांवर तसं करून पाहिलं तर ड्युटी ५० आणि कर २५० येतो, फरक अवघा १२. 'आमच्याकडे एफओबी आहे, भाड्याची चिंता नाही' हा समज त्यामुळे अर्धाच खरा.

खोकं

आंतरराष्ट्रीय कुरियर सहसा लांबी × रुंदी × उंची (सेंटिमीटरमध्ये) भागिले ५००० असं आकारमानाचं वजन काढतात. ते आणि काट्यावरचं वजन यांतलं जे जास्त, ते लावतात. गिटारच्या नेहमीच्या ११२ × ४६ × २० च्या खोक्याचं वजन २०.६ किलो निघतं आणि वर सरकून २१ धरलं जातं. काट्यावर तेच खोकं सात-आठ किलो भरत असेल. आयताकृती हार्ड केसभोवती चारी बाजूंना दोन-तीन सेंटिमीटर फोम ठेवून खोकं १०८ × ४२ × १६ वर आणलं, तर १४.५ च्या किंचित वर जातं, म्हणजे बिलात १५. बोल्टने जोडलेली मान काढून ७५ × ४० × १५ च्या खोक्यात भरलं तर ९ किलो.

मान काढल्यावर 'आता हे सुटे भाग झाले, सुट्या भागांचा दर लागेल' असं काही जण धरून चालतात. तसं होत नाही. एचएस (मालाला कोड देणाऱ्या आंतरराष्ट्रीय) वर्गीकरणाच्या सर्वसाधारण नियम २(अ) प्रमाणे न जोडलेल्या अवस्थेत एकत्र आलेली वस्तू पूर्ण वस्तूच मानली जाते. दोन वेगळ्या पार्सलांत पाठवली तर किमान शुल्क दोनदा बसतं, शिवाय एक पार्सल अडकलं की दुसऱ्याचा उपयोग नाही.

पोकळ वाद्यांना (सेलो, डबल बास, सितार) आकारमानाची ही कात्री सर्वांत जास्त लागते. तिथे टपालाची किंवा हवाई मालवाहतुकीची चौकशी आधी करावी, पण लांबीची आणि घेराची मर्यादा पाहूनच.

कोडचा रकाना

वाद्यांचं घर म्हणजे एचएसचं प्रकरण ९२. पहिले सहा अंक जगभर सारखे, पुढचे देशागणिक वेगळे. पियानो ९२०१, तंतुवाद्यं ९२०२, वायुवाद्यं ९२०५, तालवाद्यं ९२०६, विजेवर चालणारी ९२०७, सुटे भाग आणि तारा ९२०९. मध्ये ९२०३ आणि ९२०४ दिसत नाहीत, कारण २००७ च्या आवृत्तीत ते गाळून त्यांतली वाद्यं ९२०५ मध्ये घेतली. जुन्या याद्यांत हार्मोनियमपुढे ९२०३ छापलेलं असतं. ते उतरवून घेतलं की कोड चुकीचा म्हणून परत येतो.

या फेरीत दुरुस्त झालेल्या नोंदी अशा. वाद्याच्या आकाराची, टिकाऊ केस वाद्याबरोबरच आली तर वाद्याच्याच कोडमध्ये जाते, एकटी आली तर ४२०२ मध्ये, आणि तिथला दर बहुधा वेगळा. व्हायोलिनबरोबर नेहमीच्या संख्येने आलेला गज, ड्रमबरोबरच्या काठ्या वाद्यातच धरल्या जातात. अ‍ॅम्प्लिफायर, मायक्रोफोन, हेडफोन वाद्याबरोबर आले तरी सहसा प्रकरण ८५ मध्येच जातात. अपवाद वाद्याच्या पेटीतच बसवलेल्यांचा. त्यामुळे 'गिटार आणि अ‍ॅम्प संच' असा एकच आकडा बिलावर लिहिलेला असेल, तर तो मोडून मागा. नाहीतर कस्टम्स स्वतःच्या अंदाजाने मोडतं. शंभर वर्षांपेक्षा जुनं वाद्य ९७०६ मध्ये, पुरातन वस्तू म्हणून जाऊ शकतं, पण वय सिद्ध करणारा कागद हवा. लेबलवर छापलेलं साल हा पुरावा नव्हे. जुन्या नावाची लेबलं कारखान्यात बनलेल्या व्हायोलिनांवर सर्रास चिकटवली जात.

९२०२ की ९२०७ हा वाद पिकअप (तारांचा आवाज विजेत उतरवणारा भाग) बसवलेल्या अकूस्टिक गिटारवर होतो. ९२०७ ची व्याख्या 'ज्याचा आवाज विजेने निर्माण होतो किंवा विजेने वाढवावाच लागतो' अशी आहे. त्यातला 'वाढवावाच लागतो' हा भाग महत्त्वाचा. बिनविजेचं वाजवता येणारं वाद्य पिकअपमुळे तिकडे सरकत नाही. फरक किती पडतो? अमेरिकेच्या मूळ दरपत्रकात शंभर डॉलरच्या वरच्या साध्या गिटारला ८.७ टक्के आणि इलेक्ट्रिकला ५ टक्के दर आहे. शंभर डॉलरची ती सीमा केसची किंमत वगळून मोजायची असते. देशानुसार येणारं जादा शुल्क या मूळ दरांवर वेगळं चढतं.

मूळ देश

सर्वांत जास्त हिशेब इथे चुकतात. मूळ देश म्हणजे वाद्य जिथे बनलं तो, जिथून पाठवलं तो नव्हे. जपानमध्ये बनलेली जुनी गिटार अमेरिकेतल्या विक्रेत्याकडून घेतली, तर मूळ देश जपानच. व्यापार करारातली सवलत हवी असेल तर पाठवणारा देश करारात असून भागत नाही. मूळ देशाचा पुरावा लागतो आणि बऱ्याच करारांत माल थेट आला पाहिजे अशी अटही असते. मधल्या गोदामातून फिरून आलेलं वाद्य सवलत गमावून बसतं. विक्रेत्याला मागायचं ते एवढंच: अनुक्रमांकाचा फोटो, बनावटीचा शिक्का दाखवणारा फोटो, आणि बिलावर मूळ देश स्पष्ट लिहिलेला.

लाकूड

साइटीजचा (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) रकाना बहुतेकांसाठी हलका झाला आहे. २ जानेवारी २०१७ पासून संपूर्ण डाल्बर्जिया वंश (रोजवुड) परिशिष्ट २ मध्ये आला आणि तयार गिटारलाही परवाने लागू लागले. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यं, त्यांचे तयार भाग आणि तयार साहित्य यांना सूट मिळाली. पण दोन फटी राहिल्या. ब्राझिलियन रोजवुड (डाल्बर्जिया निग्रा) परिशिष्ट १ मध्ये आहे, त्याला ही सूट नाही. ते ११ जून १९९२ ला तिथे गेलं, म्हणून त्याआधीचं लाकूड असल्याचं प्रमाणपत्र लागतं. दुसरी फट वाद्य घडवणाऱ्यांसाठी: खाचा न पाडलेली फिंगरबोर्डची पट्टी किंवा पाठीचे कापीव तक्ते म्हणजे 'तयार भाग' नव्हेत, त्यांना परवाना लागतो. व्हायोलिनच्या गजाचं लाकूड, पर्नाम्बुको, २००७ पासून परिशिष्ट २ मध्ये आहे.

बिलावर नुसतं 'रोजवुड' लिहिणं धोक्याचं. शास्त्रीय नाव लिहायला सांगा, उदाहरणार्थ डाल्बर्जिया लॅटिफोलिया. नाव नसेल तर अधिकारी वाईटात वाईट शक्यता धरून पार्सल बाजूला ठेवू शकतो, आणि गोदामाचं भाडं चढू लागतं. जुन्या पियानोच्या हस्तिदंती पट्ट्यांचं प्रकरण याहून अवघड आहे. पुष्कळ ठिकाणी ते आयातच होत नाही, पैसे भरून सुटायची वाट तिथे नाही.

कातड्याचे ढोल आणि जेंबे (आफ्रिकी ढोल) मागवणाऱ्यांनी पशुवैद्यकीय नियम पाहून घ्यावेत. न कमावलेलं, केस असलेलं कातडं अँथ्रॅक्सच्या भीतीने अडवलं जातं.

कुरियरचं शुल्क

ड्युटी आणि कर कुरियर कंपनी आधी स्वतः भरते, मग आपल्याकडून घेते. या उधारीचं शुल्क ठरावीक टक्के किंवा किमान रक्कम, यांतलं जे जास्त ते. स्वस्त वस्तूंना हीच किमान रक्कम मारते. तारांचे चार संच वेगवेगळ्या दिवशी मागवले तर किमान शुल्क चारदा. पार्सल निघण्याआधी कुरियरच्या संकेतस्थळावर ड्युटी आगाऊ भरायची सोय असेल तर ती बघावी, काही ठिकाणी त्याने हे शुल्क टळतं.

सूट-मर्यादेवर पूर्वीसारखा भरवसा नको. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतची व्हॅटमाफी १ जुलै २०२१ पासून काढली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी थांबवली. गिटारच्या एका पेडलचं पार्सलही आज त्याच रांगेत उभं राहतं. युरोपात १५० युरोपर्यंतच्या खरेदीवर विक्रेत्याने व्हॅट आधीच घेतला असेल, तर त्याचा आयओएसएस (व्हॅट विक्रीच्या वेळीच घेण्याच्या युरोपीय योजनेचा) क्रमांक पार्सलच्या इलेक्ट्रॉनिक नोंदीत गेलाय ना हे विचारा. तो राहिला की दारात पुन्हा व्हॅट मागतात, आणि परतावा विक्रेत्याकडून मिळवावा लागतो.

विक्रीच्या अटींत डीडीपी लिहिलं असेल तर ड्युटी विक्रेत्याकडे, डीएपी असेल तर आपल्याकडे. 'शिपिंग फ्री' या शब्दांना इथे काहीच अर्थ नाही.

उलट्या बाजूचा एक फायदा पुष्कळदा सुटतो. विक्रेत्याच्या देशातला कर निर्यातीवर लागत नाही. दुकानातली किंमत १२०० असेल आणि त्यात २० टक्के व्हॅट असेल, तर निर्यातीची किंमत १००० व्हायला हवी, ९६० नव्हे (२० टक्के मूळ किमतीवर असतात). जुन्या वाद्यांवर मार्जिन पद्धतीने (फक्त विक्रेत्याच्या नफ्यावर) कर लावलेला असेल तर बिलावर तो वेगळा दिसत नाही.

कमी किंमत लिहून 'भेटवस्तू' म्हणून पाठवणं तक्त्यात घेतलेलं नाही आणि घेतलं जाणार नाही. दंडाचा भाग सोडा, मान तुटली तर विमा कागदावरच्या रकमेइतकाच मिळतो.

पियानो, समुद्रमार्गे

पेटीबंद उभा पियानो १५० × ६५ × १३० सेंटिमीटर धरला तर १.२७ घनमीटर. सामाईक कंटेनरमध्ये घनमीटर आणि टन यांत जे जास्त त्यावर आकारणी होते, म्हणजे इथे १.२७ वर. वजन पाव टनाच्या आसपास असूनही ते मोजणीत येत नाही. समुद्राचं भाडं पाहून हुरळून जाऊ नये. बंदरावरची हाताळणी, कंटेनर उघडण्याचं गोदाम, कागदपत्रांचं शुल्क, दलाल, ही पोचत्या बाजूची बिलं पुष्कळदा भाड्यापेक्षा मोठी निघतात. भाव मागतानाच ती लेखी मागा. लाकडी पेटीवर आयएसपीएम १५ चा (पॅकिंगच्या लाकडातली कीड मारण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा) शिक्का हवा. त्यावरचं 'एचटी' (उष्णतेची प्रक्रिया) म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं. शिक्का नसेल तर पेटीवर प्रक्रिया करा, नष्ट करा किंवा परत पाठवा, असे तीनच पर्याय उरतात आणि तिन्हींचा खर्च आयातदाराचा.

अजून अपुरं

दुरुस्तीसाठी बाहेर पाठवलेल्या वाद्याची पानं तयार होत आहेत. त्यातली पक्की झालेली नोंद एकच: वाद्य देशाबाहेर जाण्यापूर्वी अनुक्रमांक, फोटो आणि निर्यातीचा कागद कस्टम्सकडे नोंदवलेला असावा. तो नसला तर परत येताना पूर्ण किमतीवर ड्युटी लागू शकते. नोंद असेल तर अनेक देशांत फक्त दुरुस्तीच्या खर्चावर लागते. कार्यक्रमासाठी तात्पुरतं नेणाऱ्यांना एटीए कार्नेट (ड्युटी न भरता तात्पुरतं नेण्याचा कागद) आहे, मुदत एक वर्ष. त्याच्या यादीत गज, केस, जादा माउथपीस हेही एकेक ओळीत लिहावं लागतं, आणि परतताना यादीतली एखादी वस्तू हरवलेली निघाली तर तिच्यावरची ड्युटी वसूल होते.